एक गोष्ट, एकच नोंद

शाळेत नवं मूल आलं की आपण दाखलखारीज रजिस्टरात त्याची नोंद करतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे हजेरीपत्रक, निकालपत्रक, शिष्यवृत्तीची यादी अशा अनेक ठिकाणी त्याचं नाव आणि जन्मतारीख पुन्हा लिहिली जाते. समजा, एका यादीत ‘१७ जून’चं ‘११ जून’ झालं आणि दहावीचा अर्ज भरताना ते लक्षात आलं. मग आपण काय करतो? दाखलखारीज रजिस्टर उघडतो आणि त्यातली नोंद खरी मानतो.

या साध्या सवयीत डेटाबेस तंत्राचं मर्म आहे. संगणकाच्या जगात ते नीट मांडलं जायला १९७० साल उजाडलं. गावच्या दप्तरात त्याचा अर्धा भाग बराच आधी पोचला होता.

बुलढाणा जिल्ह्यातलं, जालन्याच्या हद्दीजवळचं देऊळगाव राजा पाहू. हा मुलूख जुन्या वऱ्हाडातला. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली आणि शेतांना सर्व्हे क्रमांक मिळाले. मालक बदलला तरी क्रमांकावरून शेत ओळखता येऊ लागलं. डेटाबेसच्या भाषेत अशा क्रमांकाला ‘की’, म्हणजे किल्ली, म्हणतात. नाव ही चांगली किल्ली नव्हे, कारण एकाच गावात एका नावाचे दोघे असतात आणि एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिलं जातं.

आता तलाठ्याचं दप्तर उघडू. गाव नमुना ७ मध्ये शेतावर हक्क कोणाचा ते असतं, १२ मध्ये पीक कोणतं ते. दोन्ही मिळून आपला सातबारा. नमुना ८-अ मध्ये तीच माहिती खातेदारावरून लावलेली असते आणि नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवले जातात. वडील वारले की वारसांची नोंद आधी सहामध्ये करायची, ती मंजूर झाली की सातवर उतरवायची, मग ८-अ दुरुस्त करायचा. हाताने लिहिताना यातली एक पायरी राहिली तर? मुलीचं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. ती पीककर्ज मागायला गेली की तिचा हक्क या फटीत अडकतो.

सुरुवातीच्या संगणकांतही हाच घोळ होता. प्रत्येक कामाची फाइल वेगळी, त्यामुळे तीच माहिती चार ठिकाणी. शिवाय ती कुठे आणि कशी साठवली आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे. साठवण बदलली की प्रोग्रॅमही बदला! आयबीएममधले गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली यावर उपाय मांडला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, प्रत्येक गोष्ट एकदाच लिहा आणि तक्ते किल्लीने जोडा. ‘काय हवं’ एवढंच विचारा; ‘कुठे आहे’ ते यंत्र शोधेल. असं विचारण्याची भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडली. तिचंच पुढे ‘एसक्यूएल’ झालं. या पद्धतीत ८-अ वेगळा लिहावाच लागत नाही. ‘या खातेदाराची शेतं कोणती?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ८-अ.

त्याच दशकात जिम ग्रे यांनी व्यवहाराच्या कल्पनेवर काम केलं. जुनं नाव कमी होणं आणि नवं नाव लागणं, दोन्ही घडेल किंवा काहीच घडणार नाही. अर्धवट फेरफार राहणार नाही.

आपल्याकडे १९८०-९० च्या दशकांत संगणकवर्गांत डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवत. त्यांत तक्ते होते, पण शिस्त बरीचशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडलेली असे. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या आजच्या मोफत साधनांत हे नियम डेटाबेसलाच सांगता येतात. खातेदारांच्या तक्त्यात नसलेला खातेक्रमांक मग तो स्वीकारतच नाही.

भूमिअभिलेख संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भातला वर्धा होता. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पण एक गोष्ट विसरू नये. जुन्या वहीत जे चुकलं, ते संगणकातही चुकीचंच उतरतं. वारसाचं नाव मुळात लिहिलंच नसेल, तर कोणतंही तंत्र ते शोधून काढणार नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलं, पुस्तकं आणि देवघेव असे तीन तक्ते फळ्यावर काढा. देवघेवीच्या तक्त्यात फक्त क्रमांक आणि तारखा लिहायच्या, नावं नाहीत. मग विचारा, ‘ज्योतिबा फुल्यांचं चरित्र कोणाकडे आहे?’ उत्तर शोधताना मुलं एका तक्त्यावरून दुसऱ्यावर कशी जातात ते पाहा. नंतर एका मुलाच्या नावातली चूक दुरुस्त करायला सांगा. खडू किती ठिकाणी चालवावा लागला, ते त्यांनाच मोजू द्या.