'सेल्फ घेत नाही' : एका लपंडावी बिघाडाचा इतिहास

मराठीत 'सेल्फ' हा शब्द रुळला तो 'स्टार्टर' हे उत्तरपद गाळून. 'सेल्फ मारणे', 'सेल्फ घेत नाही' हे गॅरेजमधले वाक्प्रयोग आपल्या कोशकारांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाहीत. त्याआधीच्या काळाचे क्रियापद होते 'हँडल मारणे'. या दोन क्रियापदांमध्ये जे अंतर आहे ते ध्यानात घेतल्याखेरीज जुन्या गाडीच्या सर्वांत छळवादी बिघाडाचे, म्हणजे कधी सुरू होण्याचे आणि कधी अडून बसण्याचे, निदान नीट उलगडत नाही, असे माझे मत आहे.

हँडल मारणाऱ्याला इंजिनाची अवस्था हाताला कळत असे. दाब आहे की नाही, कुठे अडते आहे, हे मनगटच सांगे. आणि हँडल उलटे फिरले तर तेच मनगट मोडे. १९०८ साली वारलेले अमेरिकन मोटार-उत्पादक बायरन कार्टर यांच्या मृत्यूशी अशाच अपघाताची एक कथा जोडली जाते. तिच्या तपशिलांविषयी मतभेद आहेत. तथापि शोधांच्या इतिहासाला अशी एक हृदयद्रावक उगमकथा लागतेच! चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ-स्टार्टर १९११ मध्ये सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसवला गेला. केटरिंग त्यापूर्वी दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटर जोडत असत. अल्पकाळच चालायची असेल तर लहान मोटरीवरही मोठा भार टाकता येतो, ही खूणगाठ त्यांनी तिथेच बांधली होती.

याच गृहस्थांनी त्याआधी बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांवर चालणारी ठिणगीची व्यवस्थाही घडवली होती. त्यांच्या कंपनीच्या 'डेल्को' या संक्षिप्त नावावरून स्पॅनिश भाषेत डिस्ट्रीब्युटरला 'देल्को' म्हणू लागले.

त्यामुळे 'गाडी सुरू होत नाही' या एका वाक्याच्या पोटात दोन वाक्ये असतात. एक, इंजिन फिरतच नाही. दुसरे, फिरते पण पेट घेत नाही. पहिल्यात संशय सेल्फच्या मार्गावर, दुसऱ्यात ठिणगीवर किंवा पेट्रोलवर. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली आणि पुढे 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेलेली फियाट घ्या. १०८९ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर, चार गिअर. तिच्या निदानाची सुरुवात याच दुभाजनापासून होते. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे पार मंदावले तर बॅटरी किंवा तिची टोके; दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ गप्प, तर प्रवाह तिथवर पोचलेलाच नाही.

परंतु बिघाड लपंडाव खेळत असेल तर? बॅटरीच्या गंजलेल्या टोकाशी ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका अडथळा असला, तरी शंभर अँपिअरच्या प्रवाहात तो बारांपैकी दोन व्होल्ट गिळतो. टोक किंचित हलले की तो नाहीसा! कंडेन्सर तापल्यावर दगा देतो आणि अर्ध्या तासात निवून निर्दोष ठरतो. गाडी गॅरेजात पोचते तेव्हा पुरावा शिल्लक नसतो. कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात वैद्य, चित्रपारखी आणि गुप्तहेर यांना क्षुल्लक खुणांवरून अनुमान करणाऱ्यांच्या एका पंगतीत बसवले. त्यात मेकॅनिकचे पान वाढायचे राहिले, एवढेच.

याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण फ्लायव्हीलच्या दातेरी कड्याचे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना दाबामुळे बहुधा दोनच ठरावीक जागी थांबते. वर्षानुवर्षे सेल्फचा छोटा दातेरी गिअर त्याच दोन जागी आदळतो आणि तेवढेच दात झिजतात. इंजिन तिथे थांबले की सेल्फ नुसताच घरघरतो, पकड घेत नाही. जरा पुढेमागे थांबले की सारे सुरळीत. अशा वेळी इग्निशन बंद करून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी, थोडी ढकलून न्यूट्रलला आणावी आणि पुन्हा सेल्फ मारावा. ती सुरू झाली, तर कड्यावरचा संशय बळावतो. ही सोय मॅन्युअल गाडीतच.

याउलट एकेक भाग बदलत जाणे, ही मला निदानाची नव्हे, आळसाची पद्धत वाटते. नवा कॉइल बसवला आणि गाडी सुरू झाली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ती तशीही सुरू होणारच होती.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना स्वतःच्या बिघाडांची प्रमाणित नोंद ठेवणे सक्तीचे झाले. पद्मिनीला अशी स्मृती नव्हती. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशा गाडीचे एकमेव दफ्तर म्हणजे चालकाचे कथन, आणि त्यातही स्मृतीच्या साऱ्या खोडी आल्याच. म्हणून मुरलेला मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी विचारतो : इंजिन थंड होते की तापलेले? आवाज 'टक्' आला की घरघर? दिवे मंदावले का? धक्का मारल्यावर लगेच सुरू झाली, की अर्धा तास थांबल्यावर?