प्रेक्षकसंख्येचा अर्थ

संग्रहालयांच्या वार्षिक अहवालांत प्रेक्षकसंख्येला मानाचे स्थान असते. संख्या वाढली की यश, घटली की अपयश, असा सरळ हिशेब मांडला जातो. मोठ्या शहरांतील संग्रहालयांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले, की या हिशेबाविषयी आम्हांला शंका येऊ लागते.

मुंबईचेच पाहू. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला १९०५ साली बसवली गेली व इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धात तिचा वापर लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि संग्रहालय म्हणून ती खुली झाली १९२२ मध्ये. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चे. जीर्णोद्धारासाठी ते काही वर्षे बंद राहिले आणि २००८ मध्ये पुन्हा उघडले. या मधल्या वर्षांतील शून्ये लोकांच्या अनास्थेची नव्हेत : एक युद्धाचे, दुसरे जतनाचे. शिवाय भायखळ्याचे संग्रहालय राणीच्या बागेला लागून आहे. प्राणी पाहायला निघालेली किती कुटुंबे जाता जाता तिथे शिरली, हे तिकिटावरून कसे कळावे?

परदेशी आलेखही हेच सांगतात. पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये २०१८ साली एक कोटीहून अधिक प्रेक्षक आले. २०२० साली, करोनाच्या काळात, जेमतेम २७ लाख. चित्रे तीच, भिंतीही त्याच. ब्रिटनने डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क रद्द केले, तेव्हा पूर्वी शुल्क आकारणाऱ्या संग्रहालयांतील भेटी दशकभरात दुपटीहून अधिक झाल्या. मात्र मोजल्या गेल्या त्या भेटी, माणसे नव्हेत. एकच माणूस दहादा आला, तर तो दहा ठरतो. अर्थात त्याचे दहादा येणे ही संग्रहालयाची मोठीच कमाई. पण आकड्यात ती वेगळी दिसत नाही.

इंदिरानगरापासून जवळच, त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांत, आकडा कसा लिहावा याचा वस्तुपाठ कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखानुसार २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे शेकडा १ व्याजाने कायमचे ठेवले होते. हे व्याज दरमहाचे धरले, तर वर्षाचे २४० होतात. आणि वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण, असा त्यांचा विनियोगही तिथेच नोंदलेला आहे. आकडा, त्याचा मार्ग आणि त्याचा हेतू एकाच शिळेवर आहेत.

आपल्या प्रेक्षकसंख्येला हीच जोड हवी : कोण आले, कशासाठी आले, पुन्हा आले का? एरवी अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयासारखी विशिष्ट विषयाला वाहिलेली लहान संग्रहालये महानगरांच्या पंक्तीत कायम तळाशीच दिसणार. एखादा अभ्यासक एका नाण्यासमोर तास दोन तास बसतो, तेव्हा अहवालात पडणारी भर फक्त १ ची असते. अनुदान ठरवणाऱ्यांनी केवळ त्या १ कडे पाहिले, तर नुकसान संग्रहालयाचे होईलच. त्याहून अधिक ते इतिहासाचे होईल.