डब्याचं झाकण : पौर्णिमेआधीचे ८७ तास

पावसाळ्यात सातपाटीत कुणालाही विचारा, घरी केलेल्या मफिनना बुरशी कधी लागते? उत्तर येईल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दिसते तेव्हा, हे खरं. पण तिची सगळी सोय आपण पहिल्या तासातच करून दिलेली असते. म्हणून हा हिशेब उलटा मांडतो आहे. शेवट नारळी पौर्णिमेच्या सकाळी ११ वाजता, बोरिवलीत, भावाच्या घरी. सुरुवात चार रात्री आधी, सातपाटीच्या एका स्वयंपाकघरात. घर कुठलंही धरा. राखीबरोबर ओल्या नारळाचे मफिन न्यायचं ठरवलेली बहीणही कुठलीही धरा. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या घरांत हा क्रम असाच चालतो.

८७ तास आधी. रात्रीचे ८.

ओटीजीतून ट्रे बाहेर येतो. बारा मफिन, वरून तांबूस, मधोमध फुगून जरासे तडकलेले. आतलं तापमान ९५ अंशांच्या वर जाऊन आलेलं आहे. पिठातून, खोबऱ्यातून, हातांवरून आत शिरलेले बुरशीचे बीजाणू त्या उष्णतेत मेले. यापुढे बुरशी येईल ती बाहेरून: हवेतून, ओट्यावरून, बोटांवरून.

पाणी मात्र आतच आहे. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या जवळपास निम्मं पाणी असतं. बाजारातल्या डेसिकेटेड खोबऱ्यात ते ३ टक्क्यांच्या आसपास. सणाला ओला नारळच हवा, हे मला मनापासून मान्य आहे. चवीत सुकं खोबरं त्याच्या जवळपासही येत नाही. फक्त नारळ खवतानाच ठरवून टाकावं, की हे मफिन बाहेर ठेवले तर एका दिवसाचे.

८६ तास ४५ मिनिटं आधी.

मफिन अजून ट्रेमध्येच आहेत. पाच मिनिटांत उचलून जाळीवर ठेवायला हवे होते. पत्र्याच्या खळग्यात बुडाकडच्या वाफेला वाट मिळत नाही, ती कागदी कपात मुरते.

८६ तास ३० मिनिटं आधी. रात्री साडेआठ.

जे व्हायचं ते इथे होतं. ओटा रिकामा हवा आहे, जेवणाची वेळ झाली आहे, उघडं ठेवलं तर मुंग्या लागतील आणि मफिन कडक होतील अशी धास्ती आहे. हात लावून पाहिला तर कोमट. मग प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात सहा खाली, सहा वर असे रचले आणि चारही बाजूंच्या क्लिपा लावल्या.

वरून कोमट लागणारा मफिन मध्यभागी चांगलाच गरम असतो. आतली वाफ कवचाकडे येत राहते, कवचातून हवेत जाते, आणि अशी ती गेली तरच कवच कोरडं राहतं. झाकण लागलं की वाफ प्लास्टिकला आपटते, थंड होते, थेंब होऊन परत मफिनच्या डोक्यावर पडते. खालच्या थराला तर वरच्या सहा मफिनांचीही वाफ सोसावी लागते.

बुरशीला हवं असतं ते मोकळं पाणी. साखरेनं किंवा मिठानं धरून ठेवलेलं पाणी तिला मिळत नाही. हे मोकळेपण ० ते १ अशा मापात मोजतात. शुद्ध पाणी १. बहुतेक बुरशींना ०.८ पुरतं, आणि मऊसूत मफिनचा गाभा साधारण ०.९ च्या घरात असतो. म्हणजे गाभ्यात बुरशीची सोय आधीपासूनच आहे. तिला अडवणारी गोष्ट एकच, वरचं कोरडं कवच. हवेतले बीजाणू आधी उतरतात ते त्यावरच. साडेआठला झाकण लावलं आणि ते कवच भिजवून टाकलं.

पाण्याची ही गोष्ट सातपाटीला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. ज्या पापलेटाला २०२३ मध्ये राज्य माशाचा मान मिळाला, त्याच्यावर इथली कितीतरी घरं चालतात, आणि पापलेट जाळ्यातून निघाल्यापासून बर्फात असतो. बोंबील वलांडीवर उन्हात लटकतात. मासा टिकवायचा तर थंड करा नाहीतर पाणी काढा, हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. अर्धवट सुकलेला बोंबील इथली कुठलीही बाई पोत्यात भरून तोंड शिवणार नाही. गरम मफिनवर झाकण लावणं म्हणजे नेमकं तेच.

करायचं होतं ते एवढंच: मफिन जाळीवर एकमेकांना न चिकटवता ठेवायचे, वर पातळ सुती पंचा, आणि दीड तास विसरून जायचं. घरात जाळी नसेल तर मोठी चाळणी पालथी घालावी. मुंग्यांची भीती असेल तर जाळीखाली पाण्याची परात ठेवू नये, ओल पुन्हा वरच येते. त्यापेक्षा जाळी उंच जागी ठेवावी. बूड हाताला गार लागलं की मगच डबा: तळाला टिश्यू पेपर, मफिनचा एकच थर, वर पुन्हा टिश्यू पेपर, मग झाकण.

८४ तास आधी. रात्रीचे ११.

झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमले आहेत. आत्ता झाकण काढून पुसलं आणि टिश्यू पेपर घातला, तरी बरंच काही वाचेल. घर झोपलेलं आहे.

७५ तास आधी. सकाळचे ८.

डबा उघडतो. वरचा भाग बोटाला चिकटतो, कागदी कप आपोआप सुटून येतात. साखर ओल ओढून घेते आणि डब्यात तर ओलच ओल आहे. पण चव सुरेख. खोबऱ्याचा आणि वेलचीचा वास एका रात्रीत मुरून वर आला आहे. चार मफिन चहाबरोबर संपतात, पोरं आणखी मागतात.

उरलेले आठ वाचवायची ही शेवटची चांगली वेळ. एकेक मफिन क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचा, सगळे एका जाड पिशवीत घालून हवा दाबून काढायची आणि फ्रीझरमध्ये, म्हणजे जिथे बर्फ होतो तिथे. उणे १८ अंशांना बुरशी वाढत नाही, आणि मफिन शिळे होणंही जवळजवळ थांबतं. दोन महिने सहज निघतात. पौर्णिमेच्या सकाळी घरातून निघताना ते तसेच गुंडाळलेले पिशवीत टाकायचे. बोरिवलीपर्यंत प्रवासातच वितळतात, आणि दव धरलंच तर ते प्लास्टिकवर धरतं, मफिनवर नाही. राखीचा डबा न्यायला यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

६३ तास आधी. रात्रीचे ८.

"फ्रीजमध्ये ठेव, टिकतील." डबा फ्रीजच्या मधल्या कप्प्यात जातो.

हा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणूनच तो सुटत नाही. चार-पाच अंशांना बुरशीचा वेग खरोखरच मंदावतो. पण शिळेपणा त्याच तापमानाला सगळ्यांत जोरात धावतो. भाजताना पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मफिन मऊ होतो. पुढे ते रेणू पुन्हा ओळीत बसू लागतात आणि गाभा कडक, भुसभुशीत होतो. पाणी उडून गेल्यामुळे पाव शिळा होतो, ही समजूत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो यांनी १८५२ मध्येच खोटी ठरवली. पाणी बाहेर जाऊ न देता ठेवलेला पावही शिळा होतो, आणि ६० अंशांपर्यंत पुन्हा गरम केला की ताजेपणा परत येतो, हे त्यांनी दाखवलं. फ्रीझरमध्ये जागाच नसेल तर फ्रीज चालेल, पण मग खायच्या वेळी मफिन गरम करणं आलंच: ओटीजीत १५० अंशांना पाच-सात मिनिटं.

५१ तास आधी. सकाळचे ८.

"कडक झालेत गं." डबा फ्रीजमधून काढून ओट्यावर उघडा ठेवतात, मऊ व्हावेत म्हणून.

पाऊस थांबलेला असला तरी हवेत ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता आहे. अशा हवेत थंडगार वस्तू उघडी ठेवली की तिला घाम फुटतो. पाच मिनिटांत आठही मफिनच्या वरच्या भागावर बारीक दव चमकू लागतं, आणि त्याच हवेतून बीजाणू उतरतात. तासाभरानं डबा पुन्हा बंद. मफिन मऊ झालेले असतात, सगळ्यांचं समाधान होतं.

३९ तास आधी, २७ तास आधी.

काहीही दिसत नाही. दिसणार नाहीच. ओल्या पृष्ठभागावर बीजाणू फुगतात, त्यांतून तंतू निघतात, ते गाभ्यात खाली उतरतात. ठिपका दिसतो तेव्हा बुरशी नवे बीजाणू तयार करू लागलेली असते. वाढ त्याच्या कितीतरी आधीची. घरात करंज्यांचं सारण परतलं जातं आहे, बंदराकडे बोटींना रंग लागला आहे. डबा कपाटावर आहे.

१५ तास आधी. रात्रीचे ८.

झाकण उघडून पाहिलं. वरचे चार ठीक दिसले. किंचित कोंदट वास आला, तो डब्याचा असेल असं वाटलं. खालचे उचलून पाहिले नाहीत.

अडीच तास आधी.

सातपाटीहून रिक्षानं पालघर, पालघरहून डहाणू लोकल, विरारला गाडी बदलायची. सणाची गर्दी. डबा पिशवीत तळाशी, त्यावर करंज्या, त्यावर साडी.

० तास. सकाळचे ११.

औक्षण झालं, राखी बांधून झाली. वहिनी ताटलीत काढायला मफिन उचलते आणि थांबते. "ताई, हे बघा ना." खालच्या थरातल्या तिघांच्या कडेला, कागदी कप सुटला होता तिथे, पांढरी लव आणि तिच्या मधोमध हिरवट ठिपका.

पाच अजून स्वच्छ दिसतात. तेही खाऊ नयेत. तेवढा भाग कापून उरलेला खायचा, हे कठीण चीजला चालतं. मफिनसारख्या मऊ, सच्छिद्र पदार्थात तंतू कुठवर गेलेत ते डोळ्यांना कळत नाही. काही बुरशी विष तयार करतात आणि ते पुन्हा भाजूनही जात नाही. नाकाशी नेऊन वास घेऊ नये, बीजाणू श्वासात जातात. पिशवीत बांधून सरळ कचऱ्यात.

डबा मात्र टाकायचं कारण नाही. गरम पाणी आणि साबणानं घासायचा, झाकणातली रबरी कड टाचणीनं ओढून काढायची आणि तिच्या खाचेत जुना दातांचा ब्रश फिरवायचा, कारण ओल आणि चुरा तिथेच साठतो. मग झाकण न लावता दोन्ही तुकडे वेगवेगळे पालथे ठेवून पूर्ण सुकवायचे. पावसाळ्यात त्याला एक अख्खा दिवस लागतो.