भिंतीतून जाणारी ऊब



ज्याचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले, अशा माणसाने शास्त्राच्या इतिहासावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना धाडसाचे वाटेल. तेव्हा या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगणे बरे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे सभासद ज्या एका कारखान्यात काम करीत, तेथे विजेचे पॅनेल तपासण्यासाठी एक तंत्रज्ञ उष्णता दाखविणारा कॅमेरा घेऊन आला होता. सैल झालेला जोड तापतो, आणि तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी या कॅमेऱ्याला दिसतो. आमच्यातल्या एका फिटरने त्याला म्हटले, "साहेब, जरा वर पत्र्याकडे धरा की!" त्याने हसत हसत धरला. मे महिना होता. छप्पर चांगलेच तापलेले दिसले. आम्ही त्या चित्राची प्रत मागून घेतली आणि वाटाघाटीच्या टेबलावर ठेवली. व्यवस्थापनाचे गृहस्थ म्हणाले, "चकचकीत धातूवर हा कॅमेरा खोटे बोलतो." त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. आम्ही निरुत्तर झालो आणि घरी येऊन वाचावयास बसलो.

वाचल्यावर कळले ते असे. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने फार थोडी बाहेर टाकतो आणि समोरच्या वस्तूंचे किरण आरशासारखे परत फेकतो. म्हणून खालून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला पत्र्याबरोबर थंड जमिनीचे प्रतिबिंबही दिसते. यावर उपाय साधा आहे. पत्र्याला विजेची काळी चिकटपट्टी लावावी आणि तिचे तापमान पाहावे. आम्ही तसे केले. तेव्हा पत्रा चित्रात दिसला होता त्याहून अधिकच तापलेला निघाला! कॅमेरा खोटे बोलला होता हे खरे, पण तो मालकाच्या बाजूने बोलला होता. पुढच्या उन्हाळ्याआधी छपराखाली उष्णता अडविणारा थर बसला. त्या दिवसापासून या यंत्राच्या इतिहासाचा नाद आम्हांला लागला तो आजतागायत.

या इतिहासाचा आरंभ एका वाद्यवृंदवाल्यापासून होतो. विल्यम हर्शेल हा हॅनोव्हरचा. तो इंग्लंडात आला तो संगीतावर पोट भरण्यासाठी. ज्योतिष तो स्वतःच शिकला, दुर्बिणीचे आरसे स्वतःच्या हातांनी घासले आणि १७८१ साली युरेनस ग्रह शोधला. १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले, एकेका रंगात उष्णतामापक ठेवला, आणि तुलनेसाठी बाजूला आणखी दोन ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसा पारा चढू लागला. तांबड्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तो सर्वांत वर गेला. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश असतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्यालाच आज आपण अवरक्त किरण म्हणतो. पुढे १८४० साली त्याच्या मुलाने, जॉन हर्शेलने, काजळी लावलेल्या कागदावर मद्यार्क सुकवून या किरणांचे चित्र उठविले.

दुसरा मानकरी इटलीचा माचेदोनिओ मेल्लोनी. नोबिली या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्याने धातूंच्या जोड्यांचे एक यंत्र सुधारले. त्याला किंचितही ऊब लागली की विजेचा काटा हले. हा मेल्लोनी पार्मा येथे प्राध्यापक होता. तेथील उठावात भाग घेतल्यामुळे १८३१ साली त्याला नोकरी सोडून फ्रान्सला पळावे लागले. आमच्या मंडळींना हे सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानावा. १८७९ साली स्टेफान याने उष्णतेच्या किरणांचा नियम सांगितला. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की किरणांचा जोर सोळा पट होतो. त्याच सुमारास अमेरिकेत लँग्लेने बोलोमीटर नावाचे अतिशय नाजूक यंत्र रचले. आजच्या कॅमेऱ्यात बोटाच्या नखाएवढ्या जागेत असे हजारो बोलोमीटर बसविलेले असतात.

हे सारे प्रयोगशाळेत झाले. यंत्र बाहेर आले ते मात्र युद्धाच्या हाताला धरून. १९२९ साली तिहान्यी या हंगेरियन संशोधकाने ब्रिटनच्या विमानविरोधी संरक्षणासाठी अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा बनविला. रात्री शत्रू दिसावा, ही त्यामागची गरज. थंडीत कुडकुडणाऱ्या म्हातारीच्या भिंतीला कोठे भोक आहे, हे पाहण्याची गरज अजून कोणाला वाटली नव्हती. १९६५ च्या सुमारास स्वीडनमध्ये असा कॅमेरा बाजारात विक्रीस आला, तो विजेच्या तारा तपासण्यासाठी. तो द्रवरूप नायट्रोजनने, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांवर, थंड ठेवावा लागे. असे यंत्र गरिबाच्या दारात कोण आणणार?

ते आणले तेलाने. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. ज्या देशांत हिवाळाभर घर तापवावे लागते, तेथील लोकांना प्रथमच प्रश्न पडला की आपण जाळतो त्या तेलाची ऊब जाते कोठे? अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील ट्विन रिव्हर्स या वसाहतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मंडळींनी याचा माग काढला. माळ्यावर उष्णतारोधक थर होता, तरी हिशेबापेक्षा कित्येक पट ऊब वर निघून जात होती. शोध घेता दिसले की पोकळ ठोकळ्यांच्या सामाईक भिंतींतून आणि धुराड्याभोवतीच्या पोकळीतून गरम हवा सरळ माळ्यावर चढते आणि थराला वळसा घालून पसार होते. हा शोध लावणाऱ्यांत गौतम दत्त हे एक होते. दारात मोठा पंखा बसवून घरातील हवा ओढावयाची आणि कॅमेऱ्याने फटी हुडकावयाच्या, अशी पद्धत रूढ झाली. ती करणाऱ्यांना 'घरांचे डॉक्टर' असे नाव पडले. १९८३ साली इमारती अशा रीतीने तपासण्याचे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले.

आता ही तपासणी कशी करावयाची ते थोडक्यात सांगतो. कॅमेरा भिंतीच्या आत पाहत नाही, हे प्रथम ध्यानात धरावे. तो पृष्ठभागाची उष्णता पाहतो, आणि त्यावरून आतले अनुमान आपण करावयाचे असते. आत आणि बाहेर निदान दहा अंशांचा फरक हवा. ऊन लागलेली भिंत, पावसाने भिजलेली भिंत आणि वारा ही तिन्ही फसवितात, म्हणून पहाटेची वेळ उत्तम. काच या किरणांना अपारदर्शक असते, तेव्हा खिडकीतून आतले दिसेल अशी आशा करू नये. बाहेरून जेथे ऊब दिसते तेथून ती गळत असते. आतून जेथे भिंत थंड दिसते तेथे पुढे दव धरते, आणि दव धरले की बुरशी येते.

परंतु सभ्य हो, हे यंत्र पोलिसांच्या हाती गेल्यावर काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. १९९२ च्या जानेवारीत ओरेगॉन प्रांतातील फ्लॉरेन्स गावी सरकारी माणसांनी रस्त्यावरच्या मोटारीत बसून पहाटे तीनच्या सुमारास एका गृहस्थाच्या घरावर असा कॅमेरा रोखला. छताचा एक भाग फार तापलेला दिसला. आत दिव्यांखाली गांजा लावला असावा असा त्यांनी तर्क केला, आणि झडतीत तो खरा ठरला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सरकारचे म्हणणे होते की कॅमेऱ्याने फक्त घराच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून निघणारी ऊब टिपली. ११ जून २००१ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अमान्य केले. सामान्य माणसांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतील गोष्ट जाणून घेणे ही झडतीच होय, आणि झडतीला परवाना हवा, असा निकाल दिला.

या निकालात एक गंमत दडलेली आहे. 'सामान्य माणसांच्या वापरात नसलेले यंत्र' असे न्यायालय म्हणाले. त्या वेळी ते तसे होतेही. पण अमेरिकी लष्कराच्या पैशाने बनलेले, थंड न करता चालणारे उष्णताग्राहक १९९२ साली गुप्ततेतून मुक्त झाले होते. यंत्र स्वस्त होत गेले. २०१४ पासून तर खिशातल्या फोनला जोडण्याजोगा कॅमेरा बाजारात मिळू लागला. आता ज्याच्या त्याच्या हाती तो असेल, तर त्या निकालाचा आधार किती उरतो? हा प्रश्न आम्ही वकिलांवर सोपवितो. कामगारांपुरते आम्ही एवढेच म्हणतो की यंत्र कोणाच्या हाती आहे आणि ते कोणाच्या परवानगीने चालते, हे आधी विचारावे.

इंग्लंडात या कहाणीला वेगळे वळण लागले. मिळकतीच्या मानाने घर तापविणेच न परवडणे, या दारिद्र्याला तेथे 'इंधनदारिद्र्य' हा शब्द रूढ झाला. ब्रेंडा बोर्डमन यांचा त्यावरील ग्रंथ १९९१ साली निघाला आणि २००० साली त्यासंबंधी कायदा झाला. युक्रेनच्या युद्धानंतर, २०२२ च्या हिवाळ्यात, वायू आणि वीज इतकी महागली की सरकारला दरावर मर्यादा घालावी लागली. ठिकठिकाणी लोक असे कॅमेरे उसने आणून आपापली घरे पाहू लागले. पण पाहून काय झाले? भाडेकरूला भोक दिसले तरी भिंत घरमालकाची असते, आणि बिल मात्र भाडेकरूने भरावयाचे असते. ज्याच्या खिशातून ऊब जाते त्याला भिंत दुरुस्त करण्याचा अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार आहे त्याला थंडी वाजत नाही. सगळी गोम येथेच आहे.

रॉचडेल हे नाव आपल्या सहकारी मंडळींना ठाऊक आहे. १८४४ साली तेथील विणकरांनी सहकारी दुकान काढले. त्याच गावी डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक मूल दगावले. भाड्याच्या घरात बुरशी होती. बापाने कित्येक वेळा तक्रार केली होती. त्या बुरशीमुळेच श्वास कोंडून ते गेले, असा निर्णय २०२२ साली चौकशीत झाला. त्यानंतर २०२३ च्या कायद्याने अशा तक्रारींवर ठरलेल्या मुदतीत कारवाई करण्याचे बंधन आणले. बापाला बुरशी दिसत होती, कॅमेऱ्याची गरजच नव्हती. त्याचे म्हणणे ऐकणारे कोणी नव्हते.

आणि ऐकले नाही तर दुरुस्तीही जीवघेणी होते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला ऊब टिकावी आणि रूप यावे म्हणून बाहेरून नवे आवरण बसविले. ते काम २०१६ मध्ये पुरे झाले. आवरण पेट घेणारे निघाले. १४ जून २०१७ च्या रात्री आग लागून ७२ माणसे गेली. रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच बजावले होते. आमच्याकडे बॉयलरच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचे लॅगिंग करणाऱ्यांच्या छातीचे काय झाले, ते आठवणारे श्रोते या सभेत असतील. त्या कामगारांच्या बाजूने आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली निकाल दिला. वाफेची ऊब वाचली, पण ती वाचविणाऱ्याचा श्वास गेला. उष्णता अडविणे चांगलेच आहे, पण ती कशाने अडविली आणि तो थर कोणी तपासला, हेही विचारले पाहिजे.

आपल्याकडे प्रश्न बहुधा उलटा असतो. युरोपात ऊब बाहेर जाते, आपल्या पत्र्याच्या घरांत ती आत येते. नियम मात्र एकच आहे आणि कॅमेराही तोच. म्हणून आमची सूचना अशी की नगरवाचनालयाने जशी पुस्तके ठेवली, तसा एक कॅमेरा ठेवावा. वस्तीतल्या लोकांनी तो स्वतः धरावा, घरधन्याच्या आणि घरधनिणीच्या परवानगीने. काळी चिकटपट्टी बरोबर न्यावी. आणि चित्र निघाल्यावर ते भिंतीवर टांगून न ठेवता ज्याची भिंत त्याच्या टेबलावर ठेवावे. तो म्हणेल की कॅमेरा खोटे बोलतो. तसे म्हणाल्यास रागावू नये, घरी जाऊन वाचावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या दारात जावे.