क्रीमची कुकी, डुकराची चरबी आणि सणाचे ताट

१/ पुरीमच्या सणाला ज्यू घरांतून आप्तेष्टांकडे खाद्यपदार्थांची ताटे पाठवली जातात. या प्रथेला ‘मिश्लोआख मानोत’ म्हणतात. दिवाळीच्या फराळाची देवघेव ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ती सहज समजेल. अमेरिकेत या ताटांत क्रीम भरलेल्या जोडकुकी आल्या आणि एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : हे क्रीम कशाचे? #थ्रेड

२/ प्रश्न धर्मशास्त्राचा होता. ज्यू आहारनियमांनुसार, म्हणजे ‘कोशर’ नियमांनुसार, डुक्कर पूर्णतः निषिद्ध. शिवाय करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते. तिच्यावरून मांस आणि दूध एका भोजनात एकत्र न आणण्याचा नियम रूढ झाला. दोन्ही गटांत न मोडणारे पदार्थ, म्हणजे फळे, धान्ये, तेल, अंडी, ‘पार्वे’ ठरले.

३/ महाराष्ट्राला हे नियम परके नाहीत. कोकणातील बेने इस्रायल समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. नववर्षाच्या सणाला त्यांच्या घरी गव्हाच्या चिकाचा हलवा होतो, तो नारळाच्या दुधात. जेवणात मांस असले तरी असा हलवा निर्धास्तपणे वाढता येतो.

४/ कोकणात नारळ होता. पूर्व युरोपातील थंड प्रदेशात तो नव्हता. तेथील ज्यू गृहिणी कोंबडीची किंवा हंसाची चरबी कढवून वापरत. १८८१ ते १९२४ या काळात सुमारे २० लाख ज्यू पूर्व युरोपातून अमेरिकेत आले, तेव्हा ही सवयही त्यांच्याबरोबर आली.

५/ रश्श्याला कोंबडीची चरबी उत्तम. गोड कुकीत मात्र तिचा वास लपत नाही. शिवाय ती मांसाच्या गटात मोडते, म्हणून दुधाबरोबर चालत नाही. लोणी वापरावे तर कुकी दुधाच्या गटात जाते आणि सणाच्या मांसाहारी भोजनानंतर वाढता येत नाही. भाजणीकामात सर्वांत स्वस्त आणि सोयीची डुकराची चरबी तर विचारातही घेता येत नव्हती.

६/ साधे तेल का चालत नव्हते? कारण क्रीमचे काम अवघड आहे. ते दोन कुकींमध्ये घट्ट राहिले पाहिजे आणि जिभेवर विरघळलेही पाहिजे. पातळ तेल कुकीत झिरपते. लोण्यात पाण्याचा अंश असतो. तो हळूहळू कुकीत उतरून तिचा खुसखुशीतपणा घालवतो. गरज होती ती घट्ट, पांढऱ्या, निर्गंध आणि निर्जल स्निग्धाची.

७/ ते स्निग्ध रसायनशाळेतून आले. १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले. सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गँबल या साबण व मेणबत्त्या बनवणाऱ्या कंपनीने ही पद्धत सरकीच्या तेलावर वापरली आणि १९११ मध्ये ‘क्रिस्को’ बाजारात आणले. आपल्याकडे ‘डालडा’ घरोघर पोचला तो याच प्रक्रियेच्या बळावर.

८/ कंपनीने ज्यू ग्राहक लवकर हेरला. ज्यू लोक या पदार्थाची चार हजार वर्षे वाट पाहत होते, असा एका रब्बींचा अभिप्राय तिने प्रचारासाठी वापरला. १९३३ मध्ये ज्यू गृहिणींसाठी यिडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत क्रिस्कोच्या पाककृतींची पुस्तिकाही निघाली.

९/ घरच्या भट्टीत याचा अर्थ सरळ होता. क्रिस्को आणि साखर फेसून त्यात अंडे व मैदा घालायचा, पीठ पातळ लाटून गोल कापायचे, भाजायचे आणि पूर्ण निवू द्यायचे. गरम कुकीवर क्रीम वितळते, म्हणून हा धीर आवश्यक. मग क्रिस्को, दळलेली साखर आणि व्हॅनिला फेटून भरायचे. अशी जोडकुकी पार्वे; ती मांसाच्या भोजनानंतरही चाले आणि आधी करून ठेवली तरी नरम पडत नसे.

१०/ कारखान्यातली कुकी मात्र वेगळ्या वाटेने गेली. १९०८ मध्ये लूज-वाइल्स कंपनीने ‘हायड्रॉक्स’ आणले. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांवरून घेतलेले हे नाव शुद्धतेची ग्वाही म्हणून होते. १९१२ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनीने, म्हणजे नाबिस्कोने, मॅनहॅटनमधील चेल्सीच्या कारखान्यात ‘ओरिओ’ बनवले. पुढे मूळ हायड्रॉक्सलाच लोक नक्कल समजू लागले.

११/ ओरिओच्या क्रीममध्ये डुकराची चरबी होती. स्थलांतरित ज्यूंची सर्वांत दाट वस्ती असलेला लोअर ईस्ट साइड हा भाग चेल्सीच्या कारखान्यापासून काही किलोमीटरवर. पण ओरिओ त्या घरांत शिरू शकत नव्हते. हायड्रॉक्समध्ये ही चरबी नव्हती. त्यामुळे ज्यू मुलांच्या पिढ्या हायड्रॉक्सवर वाढल्या आणि वर्गमित्रांच्या डब्यातील ओरिओ नाकारायला शिकल्या.

१२/ १९९० च्या दशकात प्राणिज चरबीविरुद्ध आरोग्यविषयक जनमत तयार झाले आणि नाबिस्कोने क्रीममधून डुकराची चरबी काढून वनस्पतिजन्य स्निग्ध घातले. पण एवढ्याने कुकी कोशर होत नाही. निषिद्ध अन्न ज्या भट्टीत भाजले गेले, ती भट्टीही शुद्ध करावी लागते.

१३/ आणि या भट्ट्या होत्या सुमारे ३०० फूट लांब, आत सरकत्या पट्ट्या असलेल्या. रब्बींच्या देखरेखीखाली त्या ज्योतीच्या झोताने प्रखर तापवण्यात आल्या. ती धग न सोसणाऱ्या पट्ट्या बदलण्यात आल्या. हे काम सुमारे तीन वर्षे चालले. डिसेंबर १९९७ मध्ये ओरिओवर ऑर्थोडॉक्स युनियनचे ‘वर्तुळातील यू’ हे चिन्ह आले.

१४/ अनेक ज्यू कुटुंबांना ही अमेरिकी समाजात पूर्णतः सामावले गेल्याची खूण वाटली. ज्या कुकीकडे बालपणी पाठ फिरवली, ती नातवंडांच्या हाती देता आली. हायड्रॉक्सचे वेगळेपण मात्र संपले. १९९९ मध्ये त्याचे नाव बदलले, २००३ मध्ये उत्पादन थांबले; २०१५ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते पुन्हा सुरू केले.

१५/ या कथेची एक कडू बाजूही आहे. ज्या अर्धवट हायड्रोजनीकरणाने हे ताट सर्वांसाठी खुले केले, त्यातूनच हृदयाला घातक ट्रान्स फॅट निर्माण होत होते. २००६ पासून अमेरिकेत वेष्टनावर त्याचे प्रमाण छापणे सक्तीचे झाले. २०१५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने अशी तेले सुरक्षित मानता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पाककृती पुन्हा बदलल्या, पामतेल आले.

१६/ अमेरिकेतील ओरिओच्या कोशर चिन्हाशेजारी आजही दुधाचे सूचक ‘डी’ हे अक्षर असते. त्यामुळे मांसाहारी भोजनानंतरच्या ताटासाठी घरी भाजलेल्या पार्वे कुकीचे महत्त्व टिकून आहे. यजमानीण पाककृती निवडताना चवीआधी एक गोष्ट पाहते : पंगतीत बसलेल्या कोणालाही हे ताट पुढे सरकवून द्यावे लागू नये. कोकणातील हलव्यात नारळाचे दूध ओतणाऱ्या हातांमागचा विचारही हाच होता.