चित्रफितीतील दोष : कॅसेटचा की यंत्राचा?

लग्न, मुंज, बारसे, आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन अशा प्रसंगांचे चित्रीकरण १९८० च्या दशकापासून जवळजवळ पंचवीस वर्षे फितीवरच होत असे. आधी व्हीएचएस, मग आठ मिलिमीटरची व्हिडिओ-८ व हाय-८ आणि १९९५ पासून मिनी डीव्ही, असा हा प्रवास झाला. या कॅसेट अनेक घरांतील कपाटांत अजून आहेत. त्या लावण्याची यंत्रे मात्र दुर्मिळ झाली असून व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या ज्ञात जपानी कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. त्यामुळे पडद्यावर चित्र बिघडलेले दिसताच 'कॅसेट खराब झाली' असे म्हणून ती टाकून देणे ही न भरून येणारी चूक ठरू शकते. पुष्कळदा फितीवरील चित्र शाबूत असते आणि दोष ती वाचणाऱ्या यंत्रात असतो.

पहिली पायरी म्हणजे दोष कोठे आहे हे ठरवणे. कॅमेऱ्यात कॅसेट न घालता समोरचे दृश्य पाहावे. तेही बिघडलेले दिसत असेल, तर फितीचा काही संबंध नाही. भिंग, संवेदक किंवा पुढील मंडळात बिघाड आहे. दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबातून वर-खाली जाणारी पांढरी उभी रेघ हा जुन्या सीसीडी संवेदकांचा स्वभावच होय. ती चित्रीकरणातच उतरलेली असल्याने कोणत्याही सफाईने जात नाही.

समोरचे दृश्य स्वच्छ असेल, तर फीत थोडी मागे नेऊन तोच भाग दोन-तीनदा पाहावा. दोष दर वेळी नेमक्या त्याच क्षणी येत असेल, तर तो फितीवर आहे. जागा बदलत असेल किंवा सर्वच कॅसेटवर दिसत असेल, तर यंत्र तपासावे. शक्य असल्यास दुसऱ्या यंत्राची साक्ष काढावी.

यंत्रातील सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे हेड मळणे. मिनी डीव्हीचा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो आणि त्यावरील दोन हेड आळीपाळीने फितीवर तिरपे मार्ग आखतात. एका मार्गाची रुंदी अवघी १० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. भारतातील पाल पद्धतीत एक चित्र अशा १२ मार्गांवर विभागलेले असते आणि प्रत्येक मार्गावर चित्राचा एक आडवा पट्टा असतो. म्हणूनच एक हेड मळले की एकाआड एक पट्टे गोठतात किंवा चौकोनी ठिपक्यांनी भरतात. असे समान अंतरावरील पट्टे दिसले, तर निदानासाठी आणखी काही शोधण्याची गरज सहसा राहत नाही. व्हीएचएसमध्ये एक हेड अर्धे चित्र, म्हणजे एक फील्ड, वाचते. त्यामुळे तेथे पट्ट्यांऐवजी सगळ्या चित्रावर मुंग्या येऊन ते लुकलुकते.

यावर कोरडी सफाई कॅसेट सुमारे दहा सेकंद चालवावी व चित्र पाहावे. दोन-तीनदा करूनही फरक न पडल्यास थांबावे, कारण ही कॅसेट हेड घासते. व्हीएचएस यंत्र उघडून हाताने सफाई करणाऱ्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ चामड्याचा तुकडा वापरावा; तो स्थिर धरून ड्रम हाताने आडवा फिरवावा. वर-खाली घासल्यास हेड तुटते. कापसाचा बोळा तर नकोच. त्याचे तंतू हेडमध्ये अडकतात.

व्हीएचएसवर आडवा, सरकणारा खळबळीचा पट्टा दिसल्यास आधी ट्रॅकिंग जुळवावे. चित्राच्या तळाशी दिसणारी बारीक थरथर मात्र हेड बदलतानाची असून ती दोष नव्हे. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जाई, इतकेच. एलपी वेगात, म्हणजे ६० मिनिटांच्या फितीवर ९० मिनिटे भरलेली मिनी डीव्ही कॅसेट मूळ कॅमेऱ्यावरच नीट चालण्याचा संभव अधिक. तो कॅमेरा भंगारात देण्याआधी हे आठवावे. अमेरिकेतील नातलगांनी पाठवलेली कॅसेट काळी-पांढरी किंवा घसरत दिसते, तेव्हा बहुधा ती एनटीएससी पद्धतीची असते. यंत्रही त्या पद्धतीचे लागते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आणखी एक संकट असते. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा दमट हवेत आणला की ड्रमवर दव साचते आणि फीत त्याला चिकटते. दवाची खूण दिसताच कॅसेट काढून, झाकण उघडे ठेवून तासभर थांबावे.

चित्र नीट दिसू लागताच त्याची प्रत करून घ्यावी. मिनी डीव्हीसाठी फायरवायर जोडणी वापरल्यास फितीवरील आकडे जसेच्या तसे संगणकात उतरतात. एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी घेतलेली प्रत त्या तोडीची नसते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी वा तंतू दिसले, तर ती बुरशी होय. अशी कॅसेट घरच्या यंत्रात मुळीच घालू नये. बुरशी यंत्राला आणि त्यातून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडेच द्यावी.