पुनर्भरणक्षम रॉकेट मोटर

छंद म्हणून उडविल्या जाणाऱ्या मोठ्या रॉकेटांत वापरली जाणारी व उड्डाणानंतर साफ करून पुन्हा भरता येणारी घन प्रचालकाची मोटर. हिचे धातूचे कवच कायम राहते. प्रत्येक उड्डाणापूर्वी प्रचालकाचे (ज्वलनाने रॉकेटला रेटा देणाऱ्या द्रव्याचे) नवे ठोकळे, प्रोथ (वायू बाहेर सोडणारे निमुळते तोंड) व रबरी कडी बसवून उड्डाणकर्ता ती स्वतः जुळवितो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० च्या सुमारास अशा मोटरी बाजारात आल्या. मोटर भरण्याचे काम कोणी करावे, हा छांदिक रॉकेटविद्येच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न असून त्याचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे [⟶ रॉकेट].

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएट रशियाने स्पुटनिक-१ हा कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेतील शाळकरी मुलांत रॉकेटे करण्याची लाट उसळली. धातूच्या नळीत घरीच ज्वालाग्राही मिश्रण ठासून भरण्याच्या प्रयत्नांत नळी फुटून गंभीर इजा होत. यावरील उपाय त्यापूर्वीच सापडला होता. नेब्रॅस्का राज्यातील नॉरफोक येथील पादत्राणांचे एक दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा नाद होता. त्यांनी १९५४ मध्ये कागदी नळीचे हलके रॉकेट व त्यासाठी बदलता येणारी छोटी मोटर तयार केली. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्झ येथील क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणारे जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये तिचे महत्त्व ओळखले. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय रॉकेट-छंद संघटना स्थापन झाली. हलके बिगरधातू साहित्य, दूर उभे राहून विजेने प्रज्वलन आणि कारखान्यात भरून बंद केलेली मोटर ही सुरक्षा-संहितेची मुख्य सूत्रे होत. वापरणाऱ्याने प्रचालकास हातच लावावयाचा नाही, हे त्यांतील सर्वांत महत्त्वाचे. कोलोरॅडोतील व्हर्नन एस्टेस यांनी बंदुकीच्या दारूच्या अशा मोटरी यंत्राने मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केल्यावर हा छंद शाळाशाळांतून पसरला.

बंदुकीच्या दारूपासून मिळणारा रेटा मर्यादित असतो. १९७० नंतर छंदाच्या मोटरींत संमिश्र प्रचालक येऊ लागला. यात अमोनियम परक्लोरेट हे ऑक्सिडीकारक, ॲल्युमिनियमाची पूड व त्यांना बांधून ठेवणारे रबरासारखे बहुवारिक असते. भारताच्या पीएसएलव्ही या उपग्रह-प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यातील प्रचालकही याच जातीचा आहे. वजनाच्या मानाने तो बंदुकीच्या दारूच्या दुपटीहून अधिक आवेग देतो. मोटरींचे वर्ग रोमन अक्षरांनी दर्शवितात. ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद असून पुढील प्रत्येक अक्षरास ती दुप्पट होते. १६० न्यूटन-सेकंदांपलीकडील, म्हणजे ‘एच’ पासूनच्या मोटरी उच्च शक्तीच्या मानल्या जातात. अशा रॉकेटांच्या हौशी मंडळींचा पहिला मोठा मेळावा १९८२ मध्ये ओहायओ राज्यातील मेडिना येथे भरला. मोठ्या मोटरीचे मजबूत कवच एका उड्डाणानंतर फेकून देणे महाग पडे. या अडचणीतूनच पुनर्भरणाची कल्पना पुढे आली व एअरोटेक या कंपनीने ती व्यापारी स्वरूपात आणली.

या मोटरीचे कवच ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचे असून त्याची दोन्ही टोके आट्यांच्या झाकणांनी बंद होतात. कवच तापू नये म्हणून आत उष्णतारोधक अस्तरनळी असते. तीत मधोमध भोक असलेले प्रचालकाचे दंडगोलाकार ठोकळे एकापुढे एक बसवितात. ज्वलनात भोक रुंदावत जाते व त्याच वेळी ठोकळ्यांची लांबी घटते. त्यामुळे जळणारे एकूण क्षेत्रफळ फारसे बदलत नाही व रेटा बराचसा समान राहतो. पुढील झाकणात विलंबक असतो. रॉकेट चढत असता तो सावकाश जळतो आणि शेवटी दारूची लहान मात्रा पेटवून हवाई छत्री बाहेर ढकलतो. जोडणी करताना कवच पुसून स्वच्छ करतात, रबरी कड्यांना वंगण लावतात व क्रमाने सर्व भाग बसवून झाकणे आवळतात. प्रज्वालक मात्र उड्डाणमंचावर पोहोचल्यावरच प्रोथातून आत सरकवितात. एखादे कडे विसरले वा चिरले, तर तप्त वायू फटीतून निसटून कवच भेदतात. विलंबक चुकीचा निवडल्यास छत्री वेळेवर उघडत नाही.

म्हणजेच १९५७ मध्ये वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतलेले काम अंशतः त्याच्याकडे परत आले. मिश्रण व ओतकाम कारखान्यातच राहिले. जोडणीची जबाबदारी मात्र त्याची झाली. म्हणून या मोटरी प्रौढांनाच मिळतात व संघटनांनी पात्रतेचे तीन स्तर ठरविले आहेत. पहिला ‘एच’ व ‘आय’, दुसरा ‘जे’ ते ‘एल’ आणि तिसरा ‘एम’ व पुढील वर्गांसाठी आहे. प्रत्येक स्तरासाठी रॉकेट उडवून ते सुस्थितीत परत मिळवावे लागते. दुसऱ्या स्तरास लेखी परीक्षाही असते.

संमिश्र प्रचालक स्फोटक आहे, अशी संघीय नियंत्रण कार्यालयाची भूमिका होती. ६२.५ ग्रॅमपर्यंत सूट असली, तरी त्यापुढे परवाना व साठवणीचे कडक नियम लागू होत. याविरुद्ध दोन छांदिक संघटनांनी २००० मध्ये दावा दाखल केला. हा प्रचालक स्फोटकाइतक्या वेगाने जळतो, असे कार्यालयाने पुरेशा कारणांनिशी दाखविलेले नाही, असे अपील न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. मार्च २००९ मध्ये निकाल संघटनांच्या बाजूने लागला व प्रचालक स्फोटकांच्या यादीतून वगळण्यात आला.

दरम्यान कॅनडातील सेझारोनी कंपनीने ठोकळे व प्रोथ कारखान्यातच जुळविलेली, नुसती कवचात सरकवावयाची भरणी बाजारात आणली होती. त्यामुळे कवच पुन्हा वापरता येऊनही जोडणीतील चुकांना वाव कमी झाला. एकदाच वापरावयाच्या बंद मोटरी, तयार भरणी आणि सुट्या भागांची भरणी असे तिन्ही प्रकार आज शेजारीशेजारी नांदत आहेत.